लातूरच्या तुरीपासून मोझांबिकपर्यंत: जगाचा पब्लिक रेडिओ आठवडाभर ऐकला तर काय हाती लागतं?

लातूरच्या बाजार समितीत तुरीला काय भाव फुटला, हे आजूबाजूच्या चार जिल्ह्यांत संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरलेलं असतं. पण तो भाव का पडला, याचं उत्तर बऱ्याचदा औसा रोडवर किंवा मुंबईत नसतं. ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोझांबिक नावाच्या देशातल्या नकाला बंदरात असतं.

कारण साधं आहे. भारत जगात सगळ्यात जास्त तूर पिकवतो आणि तरीही ती पुरत नाही. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला आणि तिथून वर्षाला २ लाख टनांपर्यंत तूर आणायचं ठरलं. मे २०२१ मध्ये सरकारने तुरीची आयातच खुली केली. मोझांबिक, मलावी, म्यानमार इथल्या मालाने भरलेली जहाजं आली की लातूरच्या डाळ मिलवाल्याला पर्याय मिळतो आणि शेतकऱ्याच्या मालाची घासाघीस सुरू होते. २०२३ च्या अखेरीला व्यापाऱ्यांमधल्या वादामुळे भारताकडे निघालेली तूर नकालात अडकून पडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोझांबिकमध्ये निवडणूक झाली आणि निकालावरून कित्येक आठवडे देश पेटलेला होता.

ही दंगल आपल्या किती जणांच्या फीडमध्ये आली? मराठी टीव्हीवर तर जवळपास नाहीच. पण बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा 'फोकस ऑन आफ्रिका' ऐकणाऱ्याला ती रोज ऐकू येत होती, तीही फुकटात.

म्हणून हा लेख. जगभरात 'पब्लिक रेडिओ' नावाचा एक प्रकार आहे, तो नेमका काय आहे, त्याचा मराठीशी आणि मराठवाड्याशी काय संबंध आला, आणि नांदेड किंवा लातुरात बसून त्यातलं आठवडाभरात काय ऐकता येतं, ते बघूया.

सरकारी नाही, खासगीही नाही, मग आहे कुणाचा?

रेडिओ म्हटलं की आपल्यासमोर दोनच गोष्टी येतात. एक आकाशवाणी आणि दुसरी आरजेची बडबड असलेला खासगी एफएम. पब्लिक रेडिओ या दोन्हींच्या मधला आहे. पैसा लोकांचा असतो, पण बातमी काय द्यायची हे सरकारने ठरवायचं नाही आणि जाहिरातदारानेही नाही, असं त्याचं तत्त्व. प्रत्यक्षात ते किती पाळलं जातं यावर वाद होतात, ते पुढे येईलच.

ब्रिटनमध्ये टीव्ही बघणाऱ्या प्रत्येक घराला वार्षिक लायसन्स फी भरावी लागते, तिच्यावर बीबीसी चालते. वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च २०१४ पर्यंत ब्रिटिश परराष्ट्र खातं द्यायचं, आता तो मुख्यतः या लायसन्स फीमधून आणि काही सरकारी अनुदानातून निघतो. जपानची एनएचकेही लोकांच्या फीवर चालते. जर्मनीच्या डॉयचे वेलेला केंद्र सरकारच्या बजेटमधून पैसे मिळतात. अमेरिकेच्या एनपीआरचं गणित वेगळंच आहे. गावोगावची छोटी स्टेशनं श्रोत्यांकडून देणगी गोळा करतात आणि एनपीआरचे कार्यक्रम विकत घेतात. गणपतीची वर्गणी गोळा करतात तसंच जवळपास. वर्षातून दोन-तीनदा चालू कार्यक्रम थांबवून निवेदक 'पैसे द्या हो' म्हणतात.

एनपीआर हे नाव ओळखीचं वाटत नसेल, तर 'टायनी डेस्क' आठवा. ऑफिसातल्या टेबलामागे, पुस्तकांच्या कपाटासमोर गायक गातात, ते व्हिडिओ. रील्समध्ये तुम्ही ते नक्की पाहिलेत. अनुष्का शंकर आणि पाकिस्तानी वंशाची अरूज आफताब यांनीही तिथे कार्यक्रम केलाय. ते टेबल एका पब्लिक रेडिओच्या ऑफिसातलं आहे.

आपल्याकडे प्रसार भारती हा त्याच धर्तीचा प्रयत्न. कायदा १९९० चा, अंमलबजावणी १९९७ ची. मध्ये, १९९५ साली, सुप्रीम कोर्टाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल दिला होता. तरी प्रसार भारतीचा मोठा खर्च आजही केंद्र सरकारच्या अनुदानातून होतो. आणि भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला १० मिनिटं बातम्या देऊ द्या, अशी शिफारस केली होती. म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या लोकशाहीत तुम्ही टीव्हीवर शंभर चॅनलच्या बातम्या बघू शकता, पण गाडीतल्या एफएमवर एकाच संस्थेच्या बातम्या ऐकू शकता. का, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

लंडनहून मराठी, बर्लिनहूनही मराठी

बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली, असं आपण समजतो. वेबसाईट आणि यूट्यूबपुरतं ते खरं आहे. पण लंडनहून मराठी आवाज पहिल्यांदा आला तो मार्च १९४२ मध्ये.

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं, जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या होत्या. भारतीय लोक आपल्या बाजूने राहावेत म्हणून ब्रिटिशांनी मराठी, गुजराती अशा भाषांमध्ये आठवड्याचं वार्तापत्र सुरू केलं. आठवडाभरात जगात काय घडलं, युद्ध कुठवर आलं, असं त्याचं स्वरूप. आता गंमत ऐका. या मराठी वार्तापत्राचा इंग्रजी मसुदा लिहिणारा माणूस होता जॉर्ज ऑर्वेल. होय, पुढे 'ॲनिमल फार्म' आणि 'नाइन्टीन एटी-फोर' लिहिणारा तोच. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ तो बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये नोकरीला होता. त्याने लिहायचं आणि लंडनमधल्या मराठी माणसांनी त्याचं मराठी करून वाचायचं.

त्या मंडळींमध्ये होत्या वेणू चितळे. कोल्हापूर भागातल्या शिरोळच्या, पुण्यात हुजूरपागेत शिकलेल्या आणि १९३४ मध्ये लंडनला गेलेल्या. बीबीसीत त्यांनी ऑर्वेलची सहायक म्हणून काम केलं, मराठी प्रसारणात काम केलं, इंग्रजीतही त्यांचा आवाज लागला. बीबीसीचा एक प्रसिद्ध फोटो आहे, 'व्हॉइस' नावाच्या कवितेच्या कार्यक्रमाचा. त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, ऑर्वेल यांच्याबरोबर साडी नेसलेल्या वेणू चितळे दिसतात. पुढे त्या भारतात परतल्या आणि १९५० मध्ये 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. इतकं सगळं असून आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव कधी दिसलं नाही.

त्याच सुमारास सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून बोलत होता, आणि त्याच्याही भाषांच्या यादीत मराठी होती. म्हणजे १९४२ मध्ये मराठी माणसाला जगाची खबर दोन्ही बाजूंनी मिळत होती. दोन्ही बाजू पुरत्या खऱ्या नव्हत्या. आपण प्रचाराच्या कामात आहोत, हे ऑर्वेलला माहीत होतं आणि डायरीत तो त्यावर कुरकुरतोही.

बीबीसीची ती मराठी सेवा मधे थोडा काळ बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि डिसेंबर १९५८ मध्ये कायमची थांबली. पुढे रेडिओ मॉस्कोनेही बरीच वर्षं मराठीतून प्रसारण केलं. म्हणजे जागतिक घडामोडी मराठीतून सांगण्याची कल्पना यूट्यूबच्या खूप आधीची आहे.

१७ सप्टेंबरची संध्याकाळ

नांदेड-लातूरकरांसाठी रेडिओची सगळ्यात मोठी बातमी मात्र लंडनहून आली नाही, हैदराबादहून आली.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. लातूर जिल्हाही तेव्हा नव्हता, तो १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. संस्थानाचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं, डेक्कन रेडिओ. १९४८ मध्ये हे स्टेशन रझाकारांच्या बाजूने बोलत होतं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरातच वकिली करणारा. दुसरीकडे निजाम सरकारने २१ ऑगस्टला थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताची तक्रार केली होती. आज आपण गाझा किंवा युक्रेनच्या बातमीत 'सुरक्षा परिषदेत चर्चा' हे शब्द ऐकतो ना, तशी चर्चा १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये आपल्याबद्दल झाली. उमरी, मुखेड, उदगीर, निलंगा ही गावं ज्या संस्थानात होती त्याबद्दल.

दुसऱ्याच दिवशी विषय संपला. १३ तारखेला सुरू झालेली पोलीस कारवाई १७ ला थांबली. पंतप्रधान लायक अलीने राजीनामा दिला आणि संध्याकाळी निजाम स्वतः रेडिओवर आला. भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी त्याला भाषण करायला लावलं होतं. मुन्शींच्या आठवणींनुसार निजाम रेडिओ स्टेशनवर येण्याची ही पहिलीच वेळ. पिढ्यानपिढ्या ज्याचं फर्मान कागदावर यायचं, त्याचा आवाज लोकांनी एका खोक्यातून ऐकला, आणि तो हरल्याचा आवाज होता. ज्या डेक्कन रेडिओवरून चार दिवस आधी लढाईची भाषा चालू होती, त्याच रेडिओवरून.

सरकारी रेडिओ आणि लोकांचा रेडिओ यांत फरक काय, हे समजून घ्यायला एवढं उदाहरण पुरेसं आहे. म्हणून तर १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना मला तो रेडिओही आठवतो.

शॉर्टवेव्ह कसा चालायचा?

तुमच्या आजोबांच्या घरी लाकडी किंवा चामड्याच्या कव्हरातला रेडिओ असेल, तर त्यावर एमडब्ल्यू आणि एसडब्ल्यू असं लिहिलेलं दिसेल. एसडब्ल्यू म्हणजे शॉर्टवेव्ह. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून साधारण ५०-६० किलोमीटरवर स्टेशन खरखरायला लागतं. लातुरात पुण्याचं एफएम लागत नाही ते याचमुळे. शॉर्टवेव्हच्या लहरी मात्र वर जाऊन वातावरणातल्या आयनांबर या थरावर आपटतात आणि खाली परततात. जमिनीवरून पुन्हा वर, पुन्हा खाली. अशा टप्पे घेत त्या हजारो किलोमीटर जातात. त्यामुळे एखाद्या तांड्यावर पुणे लागणार नाही, पण लंडन, मॉस्को आणि कोलंबो लागायचं.

कोलंबोवरून आठवलं. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले बा. वि. केसकर, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. लोकांनी काय केलं? सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी तिथून सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' काढावी लागली.

बातम्यांचंही तेच. आणीबाणीत लोक बीबीसी हिंदी ऐकायचे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मृत्यूची बातमी बीबीसीने आकाशवाणीच्या कित्येक तास आधी दिली. बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही त्या दिवशी बीबीसी लावलं होतं. आकाशवाणीने संध्याकाळी दुजोरा दिला. 'बीबीसीने सांगितलं का?' हा प्रश्न आपल्याकडच्या पारावर उगीच विचारला जात नव्हता.

ते सगळं संपत गेलं. व्हॉइस ऑफ अमेरिकेची हिंदी सेवा २००८ मध्ये बंद झाली. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबलं, ते १९४० पासून चालू होतं. रिसेप्शन रिपोर्ट पाठवून परदेशी स्टेशनांची कार्डं, स्टिकर आणि कॅलेंडर जमवणारे श्रोते गावोगाव होते. त्यांचा छंदही त्याबरोबर गेला.

आता तुम्ही म्हणाल, इंटरनेट आल्यावर शॉर्टवेव्ह हवाच कशाला? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं, तेव्हा मराठवाड्यातली एमबीबीएसला गेलेली मुलं तिथल्या बंकरमध्ये होती आणि इकडे आईवडील फोन धरून बसलेले. त्याच वेळी बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी दोन नव्या शॉर्टवेव्ह फ्रिक्वेन्सी चालू केल्या, कारण मोबाईल टॉवर आणि इंटरनेट कधीही जाऊ शकत होतं. २०२३ मध्ये सुदानसाठी आणि नंतर गाझासाठीही आपत्कालीन प्रसारण सुरू केलं. ज्या बीबीसीने त्याच वर्षी जानेवारीत पैसे वाचवायला १९३८ पासूनचा अरबी रेडिओ बंद केला होता, तिला अरबीतच आपत्कालीन रेडिओ काढावा लागला.

आता आठवडाभर ऐकायचं तर?

सुरुवात मराठीपासूनच करा. बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' हे पॉडकास्ट जगातला एक प्रश्न घेऊन तज्ज्ञांच्या मदतीने त्याची उकल करतं. इंग्रजीची धास्ती असेल तर हे पहिलं. रोजच्यासाठी त्यांचंच 'तीन गोष्टी' आहे.

इंग्रजी चालत असेल तर सोमवार ते शुक्रवार 'ग्लोबल न्यूज पॉडकास्ट'. दिवसातून दोनदा येतं, अर्ध्या तासाच्या आसपास. लातूर ते औसा बसने जाताना एक भाग संपतो. पहिले चार दिवस नावं कळणार नाहीत. कोण कुठला मंत्री, कुठला बंडखोर गट, डोक्यावरून जाईल. पाचव्या दिवशी नावं ओळखीची होतात, मालिकेतल्या पात्रांसारखी. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी तर हे करावंच. चालू घडामोडींच्या पीडीएफमध्ये फक्त निकाल असतो, इथे मॅच ऐकायला मिळते.

'विटनेस हिस्ट्री' हे माझं सर्वात आवडतं. जेमतेम दहा मिनिटं. इतिहासातली एक घटना आणि ती स्वतः पाहिलेला माणूस बोलतो. इतिहासकार नाही, साक्षीदार. मुक्तिसंग्राम पाहिलेली आपल्याकडची पिढी संपत आली आहे. त्यांची अशी दहा-दहा मिनिटं मोबाईलवर का रेकॉर्ड करत नाही आपण, हा विचार प्रत्येक भागानंतर येतो.

'फ्रॉम अवर ओन करस्पाँडंट' १९५५ पासून चालू आहे. परदेशातले वार्ताहर बातमीत न मावलेलं सांगतात, चहाच्या टपरीवरचं बोलणं, सीमेवरची रांग. 'क्राउडसायन्स'मध्ये श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधतात. डॉयचे वेलेचं 'इनसाइड युरोप' आठवड्यातून एकदा येतं. जर्मनीत नर्सिंगला किंवा शिकायला जायचं ठरवत असाल तर तिथलं राजकारण कुठे वळतंय हे एजंटपेक्षा तिथे बरं कळेल. एनएचके वर्ल्डच्या 'ईझी जॅपनीज'मध्ये हिंदीतून समजावलेले जपानीचे छोटे धडे आहेत.

नांदेडकरांसाठी अजून एक. सचखंड श्री हजूर साहिबला कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाहून भाविक येतात आणि तिथल्या शीख समाजातली घडामोड इथपर्यंत पोचते. कॅनडाच्या सीबीसीचा 'ॲज इट हॅपन्स' १९६८ पासून जगभरात फोन लावून माणसांना थेट बोलतं करतो. ऑस्ट्रेलियाची एसबीएस तर सरळ पंजाबी आणि हिंदीतच बोलते.

डेटाची काळजी नको. साध्या ६४ केबीपीएस दर्जाला तासाला २९ एमबीच्या आसपास लागतात, रील्सपेक्षा कितीतरी कमी. एक लक्षात ठेवा, 'बीबीसी साउंड्स' हे ॲप जुलै २०२५ पासून ब्रिटनबाहेर चालत नाही. बीबीसीची वेबसाईट, तिचं मुख्य ॲप किंवा कुठलंही पॉडकास्ट ॲप वापरा. वेळापत्रक जीएमटीमध्ये असतं, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

डोळे झाकून विश्वास ठेवायचा का?

नाही. पैसा कुणाचा, हे आधी बघायचं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या १,३०० हून अधिक कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. १९४२ पासून चालू असलेलं स्टेशन गप्प झालं. जुलैमध्ये तिथल्या संसदेने पब्लिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. मोठ्या शहरातली स्टेशनं देणग्यांवर तगतील. लहान गावातली, जिथे वादळाची सूचना त्याच रेडिओवर येते, ती अडचणीत आली.

दुसरी गोष्ट नजरेची. जगाच्या रेडिओने लातूर ठळकपणे दोनदा ऐकलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. मरण आणि तहान. मधल्या २३ वर्षांत पुनर्वसित गावांचं काय झालं, उसाखाली किती पाणी गेलं, याला परदेशी वार्ताहर फारसा आला नाही. आपण मोझांबिकच्या बातम्या ऐकतो तेव्हा तिथलीही दंगल आणि वादळंच ऐकतो, तिथला तूर पिकवणारा शेतकरी क्वचितच ऐकू येतो. त्यालाही भाव मिळत नसतो. लातूरच्या शेतकऱ्याला पाडायला निघालेला परका शत्रू म्हणून आपण त्याच्याकडे बघतो, पण तोही एक-दोन एकरांवाला, पावसावर अवलंबून असलेला आणि व्यापारी सांगेल त्या दराला माल देणारा आहे.

मराठवाड्याच्या रोजच्या बातम्यांसाठी छत्रपती संभाजीनगर केंद्राचं आकाशवाणी बातमीपत्र आजही आहे. नांदेडला १०१.१ एफएमवर आकाशवाणी लागतं. फोनवर 'न्यूज ऑन एआयआर' ॲपमध्येही आकाशवाणीची बरीच केंद्रं मिळतात. एक दिवस सलग दोन्ही ऐकून बघा, आधी आपलं बातमीपत्र आणि मग लगेच 'फोकस ऑन आफ्रिका'. तुरीच्या आवकेचा आकडा पहिल्यात असला, तर तिथून येणाऱ्या जहाजांची चाहूल बऱ्याचदा दुसऱ्यात लागते.